जुनी भोकं, नवा दोरा : एका ए-टू जॅकेटच्या पॅचच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, डेटन, ओहायो

आज जॅकेट ताब्यात आलं. अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाचं ए-टू, म्हणजे वैमानिकांचं जॅकेट, घोड्याच्या चामड्याचं, गडद तपकिरी. ज्यांचं होतं ते वैमानिक दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालयाच्या डोंगररांगांवरून चीनकडे मालवाहू विमानं नेत असत. आता ते नातवाकडे आहे. कुटुंबाच्या इच्छेवरून नाव आणि स्क्वाड्रन या नोंदींत लिहीत नाही.

डाव्या छातीवर स्क्वाड्रनचा गोल पॅच. त्याच्या वरच्या बाजूला नावाची चामडी पट्टी. डाव्या खांद्यावर सीबीआयची, म्हणजे चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीची ढाल. स्क्वाड्रनचा पॅच खालच्या अंगाने उसवलाय आणि जॅकेट उचललं की लोंबतो.

नातवाला दोन गोष्टी हव्यात. हा पॅच पुन्हा घट्ट बसवून हवाय, "मशीनवर फक्त एक टीप मारून द्या" असं म्हणाला. शिवाय त्याने नवं ए-टू घेतलंय, हुबेहूब जुन्या मापाचं. त्याच्यावर आजोबांच्या जॅकेटसारखेच पॅच त्याच पद्धतीने लावून हवेत, कारण ते तो अंगात घालणार आहे.

दुसरं काम लगेच घेतलं. पहिल्याला मशीन लावणार नाही हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं. कापडात सुई शिरली तर सूत बाजूला सरतं आणि सुई निघाली की बरंचसं जागेवर येतं. चामड्याचं तसं नाही. भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. ऐंशी वर्षं जुन्या चामड्यात आधीच्या भोकांच्या शेजारी नवी ओळ मारली तर पॅच आज घट्ट बसेल आणि पुढे कधीतरी खालच्या चामड्यासकट निघून येईल.

१४ जानेवारी

लेबल वाचता आलं. रफ वेअर क्लोदिंग कंपनी, मिडलटाउन, पेनसिल्व्हेनिया. ऑर्डर ४२-१४०१-पी. ड्रॉइंग ३०-१४१५, हा क्रमांक सगळ्याच ए-टूंना असतो. ९ मे १९३१ ला या जॅकेटला लष्कराची मान्यता मिळाली, १९४३ मध्ये नव्या ऑर्डरी थांबल्या आणि हवाई दल कापडी जॅकेटांकडे वळलं. मधल्या बारा वर्षांत ते वैमानिकांच्या इतकं जिवाभावाचं झालं होतं की कापडी जॅकेट मिळाल्यावरही अनेकांनी ए-टू सोडलं नाही.

पॅचच्या दृष्टीने त्याची ठेवण समजून घेणं गरजेचं आहे. पाठ अखंड, एकाच कातड्याची. पुढे खालच्या बाजूला वरून शिवलेले दोन खिसे, आत खिसा नाही. म्हणजे खिशाच्या झाकणापासून खांद्यापर्यंत छातीवर सपाट, मोकळी जागा, मधे शिवण नाही. पॅचसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. अस्तर सुती. ते कडांना शिवलेलं असतं आणि मधे चामड्यापासून सुटं राहतं. त्यामुळे तयार जॅकेटच्या छातीवर काही शिवायचं असेल तर दोनच वाटा उरतात : चामडं आणि अस्तर दोन्ही मिळून आरपार टीप मारायची, नाहीतर अस्तराची कड उसवून हात आत घालायचा, फक्त चामड्याला शिवायचं आणि अस्तर परत जोडून द्यायचं.

युद्धाच्या गडबडीत बहुतेकांनी पहिली वाट धरली. म्हणून जुनं ए-टू हातात आलं की मी आधी अस्तर पाहते. पॅच नंतर कुणी काढून टाकला असला तरी अस्तरावर टाक्यांचं वर्तुळ राहिलेलं असतं. उलट बाहेर पॅच आहे, चामड्यात जुनी भोकं आहेत आणि अस्तर मात्र कोरं, तर एक तर शिवणारा कसबी होता किंवा अस्तर नंतर बदललंय.

१८ जानेवारी

दिवसभर भिंगाखाली स्क्वाड्रनचा पॅच.

व्यास ५ इंच. पातळ चामड्याची चकती, तिच्यावर हाताने रंगवलेलं चित्र. रंगवणाऱ्याने कडेला साधारण पाव इंचाची पट्टी कोरी सोडली आहे आणि शिवण त्या पट्टीतून गेली आहे. याला अनुभव लागतो. रंगाच्या थरातून सुई गेली की प्रत्येक भोकाभोवती रंग तडकतो आणि तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात. या पॅचवर कडेचा रंग जवळजवळ शाबूत आहे, तो त्या कोऱ्या पट्टीमुळे.

वरच्या अर्ध्या भागातली शिवण मूळची. मशीनची टीप, इंचाला नऊ टाके, दोरा सुती आणि मातकट हिरवा. आतून अस्तरावर तीच टीप दिसते, पण खालचा दोरा फिकट खाकी. बॉबिनमध्ये आधीच्या कामाचा जो दोरा होता तोच चालवलाय. हे असं काम पुष्कळ जॅकेटांत दिसतं. माणूस जॅकेट घेऊन दारात उभा, शिवणारा हातातलं काम बाजूला ठेवून टीप मारून देतो.

टीप नीट पाहिली तर ती गोल नाही. तीन-चार टाके सरळ जातात, मग किंचित वळण, पुन्हा तीन-चार टाके सरळ. सपाट मशीनवर अख्खं जॅकेट फिरवत वर्तुळ शिवायचं म्हणजे दर थोड्या टाक्यांनी सुई आत रुतवून ठेवायची, दाबपट्टी उचलायची, जॅकेट जरा वळवायचं, दाबपट्टी टाकायची आणि पुढे जायचं. प्रत्येक वळणावर बारीक कोपरा राहतो. हाताच्या शिवणीत हे कोपरे येत नाहीत. सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे टाके एकमेकांवर चढलेत. जुन्या कित्येक मशिनांना उलटी टीप मारायची सोय नव्हती, म्हणून थोडं पुढे जाऊन तिथेच दोरा तोडत.

आता बिघडलेला भाग. उजव्या खालच्या बाजूला, झिपकडे, मूळचा दोरा पार विरलाय. पॅराशूटचे पट्टे नेमके या जागेवर घासतात. त्यात आसामचा पावसाळा. अस्तरावर बुरशीचे करडे डाग आजही आहेत आणि सुती दोऱ्याला बुरशी व घाम ही जोडी फार वाईट. दोरा तुटल्यावर कुणीतरी जाड, चकचकीत पांढऱ्या दोऱ्याने हातशिवण घातली आहे. घालताना जुनी भोकं वापरली नाहीत. दोन जुन्या भोकांच्या मधे नवं भोक, तेही धारदार सुईने पाडलेलं. परिणाम असा की दीड इंचभर चामडं पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं झालंय. आणि पांढरा दोरा मात्र अजून एकदम मजबूत. तो तुटला नाही, त्याने चामडं कापलं. मला या अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते : पॅचचा दोरा चामड्यापेक्षा कमजोर असायला हवा. ताण आला तर आधी दोऱ्याने सुटावं. दोरा पुन्हा घालता येतो.

१९ जानेवारी

अंधारात अतिनील दिव्याखाली पाहिलं. मूळचा दोरा काळवंडलेला, शांत. पांढरा दोरा निळसर लखलखतो. ही चमक आणणारी द्रव्यं युद्धानंतरच्या काळात कपड्यांत आणि धुण्याच्या पावडरींत सर्रास आली. म्हणजे दुरुस्ती नंतरची, ती इतिहासाचा भाग म्हणून जपण्याचं कारण नाही. नावाची पट्टी आणि खांद्याची ढाल, दोन्हींचे दोरे चमकत नाहीत. बाजारातला कुठलाही जुना पॅच घेण्याआधी एवढी चाचणी जरूर करावी. चमक नाही म्हणून जुनाच, असं सिद्ध होत नाही. पण चमक दिसली तर विकणाऱ्याला चार प्रश्न विचारायलाच हवेत.

२५ जानेवारी

राइट-पॅटरसन तळालगतच्या अमेरिकन हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात दुपार काढली. प्रवेश मोफत आहे, डेटनला येणाऱ्याने चुकवू नये. काचेमागची जॅकेटं फक्त शिवणीसाठी पाहत फिरले.

किती तऱ्हा आहेत! चामड्यावर रंगवलेले पॅच, कॅनव्हासवर रंगवलेले, लोकरी फेल्टवर भरतकाम केलेले. ऑस्ट्रेलियात असलेल्या पाचव्या हवाई दलाच्या लोकांनी तिथल्या कारागिरांकडून रंगीत चामड्याचे तुकडे कापून, एकमेकांत बसवून आणि शिवून पॅच करून घेतले. ते उठावदार दिसतात आणि जाडही असतात, मशीनच्या दाबपट्टीखाली सहज जात नाहीत. काही ठिकाणी पॅचच नाही, चित्र थेट जॅकेटच्या पाठीवर रंगवलंय : विमानाचं नाव, त्याखाली प्रत्येक मोहिमेचा एक बॉम्ब. खांद्यावरचं हवाई दलाचं पंखवालं चिन्ह १९४२ मध्ये आलं. ते कुठे शिवलेलं, कुठे रंगवलेलं, तर कुठे छापील चित्र चामड्यावर चिकटवलेलं असतं. अधिकाऱ्यांच्या खांदापट्ट्यांवर हुद्द्याचे धातूचे बिल्ले लावत. त्यांच्या टोकांची दोन-दोन भोकं बढतीनंतर तशीच राहत आणि नव्या बिल्ल्याची शेजारी पडत. कुणाची बढती कधी झाली हे कधी कधी चामड्यावरच वाचता येतं.

स्क्वाड्रनच्या चित्रांपैकी पुष्कळशी वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओतून आली. युद्धकाळात तिथल्या चित्रकारांनी १,२०० हून अधिक चिन्हं काढून दिली. चीनमध्ये लढलेल्या 'फ्लाइंग टायगर्स'चा पंखवाला वाघही तिथलाच. चित्र एका जागी तयार होई आणि पॅच मात्र जिथे स्क्वाड्रन असेल तिथे, हाताला येईल त्या सामानातून बने. म्हणून एकाच स्क्वाड्रनचे दोन पॅच शेजारी ठेवले तर रंग जुळत नाहीत, मापं जुळत नाहीत. ज्यांना जुनं जॅकेट 'नियमाप्रमाणे' हवं असतं त्यांना हे पटत नाही. मला त्यातच त्याचा खरेपणा दिसतो.

शिवायचं कुणी? तळावर मशीन असे ती पॅराशूट दुरुस्तीच्या विभागात. तिथली माणसं दिवसभर पट्टे आणि रेशीम शिवत, वेळ काढून जॅकेटंही करून देत. गावात असले तर शिंपी आणि बूट दुरुस्त करणारे. सुट्टीत घरी गेलं तर आई, बायको. बरेच जण स्वतःच सुई घेऊन बसत आणि ती शिवण ओळखू येते : लांब, असमान टाके, मधेच गाठ, कधी दुहेरी दोरा. काही जॅकेटांवर पॅचला टिचबटणं लावलेली आढळतात, काढता-घालता यावा म्हणून.

रबर सोल्यूशनने नुसता चिकटवलेला पॅचही मिळतो. ते रबर पुढे वाळून तपकिरी खरपुड्या होतात आणि चामड्यात मुरतात. चिकटवणं हे शिवण्याआधी पॅच जागेवर धरण्यापुरतं ठीक, त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही.

१ फेब्रुवारी

खांद्यावरची सीबीआय ढाल. वर निळ्या भागात चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. या आघाडीवरच्या अमेरिकन सैनिकांनी अशा ढाली हिंदुस्थानातल्या कारागिरांकडून मोठ्या प्रमाणात करून घेतल्या, कुणी चामड्याच्या, कुणी जरीच्या. ही जरीची आहे. सूर्य आणि तारा चांदीच्या कलाबुतीत, आता काळ्या पडलेल्या. पांढऱ्या पट्ट्यांतही तार आहे.

ही पूर्ण हाताने लावलेली आहे, आणि फार सुंदर लावलेली आहे. कडेने आडवे बारीक टाके, प्रत्येक टाका जरीच्या खालून निघून चामड्यात शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. बाहीत हात घालून अस्तर पाहिलं, त्याला एकही टाका नाही. म्हणजे वाकडी सुई घेऊन फक्त बाहेरून, अस्तराला न लागू देता शिवलंय. तयार बाही सपाट मशीनवर पसरत नाही, त्यामुळे खांद्यावरच्या पॅचला हाताची शिवण पुष्कळदा दिसते. पण इतकी नेटकी क्वचित.

मुंबईच्या काकांना फोटो पाठवले आणि संध्याकाळी फोन केला. त्यांनी उभी हयात लष्करी बिल्ल्यांच्या जरीकामात घालवली आहे.

"ताई, मागं कागद आहे का बघा."

"आहे काका. पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला सुटलाय."

"मग पाण्याचा हात लावू नका. खळ आहे ती. कारचोबीवरून, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवरून, काम उतरवायच्या आधी मागून खळ फिरवतो आणि कागद डकवतो, म्हणजे टाके सरकत नाहीत. पाणी लागलं की खळ सुटते आणि सलमा, म्हणजे ती वेटोळी तार, ढिला पडतो."

"आणि मशीनवर शिवली असती तर?"

"सलमा आतून पोकळ असतो. मशीनचा दाब आला की चपटा. ज्यानं हातानं लावलंय त्याला काम ठाऊक होतं. तुम्ही फक्त कसर लागू देऊ नका, तिला खळ लई आवडते."

चांदी उजळायची का, असं नातवाने विचारलं होतं. नाही. घासलं की मुलामा जातो आणि पॉलिश सलम्याच्या आत शिरून तिथेच वाळतं. मऊ कुंचल्याने धूळ काढली, सुटलेला कागद आहे तसाच ठेवला. ढालीचं काम इथे संपलं.

८ फेब्रुवारी

अस्तराच्या पाठीच्या आतल्या बाजूला, खांद्यांच्या मधोमध, बारीक भोकांचा एक आयत आहे. आतला भाग भोवतालच्या कापडापेक्षा गडद. तिथे कापडाचा चौकोन होता आणि त्याने उजेडापासून अस्तर झाकलं होतं.

नातवाकडून खुलासा झाला. तिथे आजोबांची 'ब्लड चिट' शिवलेली होती आणि ती आता त्याच्या आत्याच्या घरी काचेत लावलेली आहे. शत्रूच्या मुलुखात विमान पडलं तर वैमानिकाने दाखवायचा तो रेशमी तुकडा. फ्लाइंग टायगर्सच्या चिटवर चीनचा झेंडा आणि चिनी मजकूर असे : हा परदेशी माणूस चीनला युद्धात मदत करायला आला आहे, सैनिकांनी आणि जनतेने त्याला वाचवावं. पुढे अनेक भाषांत मजकूर असलेल्या चिटाही निघाल्या. सुरुवातीला लोक त्या पाठीवर बाहेरून मिरवत. नंतर अनेकांनी आतून शिवून घेतल्या, गरज पडली तर दाखवायच्या, एरवी झाकलेल्या.

ती परत शिवाल का, असा निरोप आला. मी नको म्हटलं. युद्धकाळातलं रेशीम आज घडीवर तुटतं, टाक्याचा भार ते पेलणार नाही आणि अस्तरही पेलणार नाही. जिथे आहे तिथे ते सुरक्षित आहे. भोकांच्या आयताची मापं घेतली, फोटो काढले, आत्याबाईंना चिटची मापं विचारली. कडा जुळल्या, एका कोपऱ्यातला तिरका टाकासुद्धा. ही नोंद दोन्ही वस्तूंसोबत राहील आणि माझ्या मते पुन्हा शिवण्यापेक्षा तिची किंमत जास्त आहे.

१५ फेब्रुवारी

मुख्य दुरुस्ती.

पांढरा दोरा आधी काढला. अस्तराकडून एकेक टाका कापायचा आणि चिमट्याने बाहेर घ्यायचा. ओढायचा नाही, ओढला की भोक चिरतं. काढलेले तुकडे लेबल लावून पाकिटात.

पॅच आता खालून उघडा, वरून मूळच्या टिपेने धरलेला. वरच्या टिपेला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. ती १९४० च्या दशकातल्या कुणाच्या तरी हातची आहे आणि अजून काम करते आहे. पूर्ण पॅच काढून 'नीट' लावला असता तर शिवण एकसारखी दिसली असती, आणि जॅकेटचा मोठा पुरावा हातचा गेला असता.

पॅच उचलल्यावर खालचं चामडं दिसलं, मूळ रंगात. बाहेरचं चामडं उजेडाने आणि हाताळण्याने फिकं झालंय, पॅचखालचं मात्र दाट तपकिरी. पॅच काढलेल्या जुन्या जॅकेटांवर जी गडद गोल छाया राहते ती हीच. पुसटशा रबराची रेघही सापडली. शिवणाऱ्याने आधी पॅच चिकटवून घेतला होता.

चाळण झालेल्या दीड इंचावर जपानी कागदाची पट्टी बसवली, रंगवून घेतलेली. ती चामड्याच्या दर्शनी बाजूला लागते, पण पॅच मिटला की पूर्ण झाकली जाते. चिकटवायला बेव्हाचा, म्हणजे उष्णतेने लागणाऱ्या गोंदाचा, पातळ थर. तो ६५ अंश सेल्सियसच्या आसपास लागतो आणि पुढे कुणाला काढायचा झाला तर निघतो. छोटी इस्त्री, मधे सिलिकॉनचा कागद, एका जागी अगदी थोडा वेळ. जुनं चामडं उष्णतेला फार हळवं असतं, आखडलं तर परत सैल होत नाही.

मग शिवण. सुई बोथट टोकाची. चामड्याच्या नेहमीच्या सुईला तीन धारा असतात आणि ती वाट कापत जाते. इथे वाट कापलेली आहे, नुसती शोधायची आहे. पॅचमधलं जुनं भोक, जॅकेटमधलं जुनं भोक आणि अस्तरातलं जुनं भोक, तिन्ही एका रेषेत आणायची. मागून दिवा लावला की अस्तरातली भोकं लुकलुकतात, पण ऐंशी वर्षांत चामडं आणि पॅच सारखे आकसलेले नाहीत. शेवटाकडे भोकं जवळजवळ अर्ध्या टाक्याने सरकलेली होती. ओढून जुळवली असती तर पॅचला फुगा आला असता. तिथे टाका तिरका जाऊ दिला.

अस्तर सोडून फक्त चामड्याला शिवायचा मोह होता, कारण सुती अस्तर कमकुवत आहे. पण वरची टीप अस्तरासकट आहे. खाली वेगळं केलं तर अंगात घालताना अस्तर वरच्या टाक्यांवरच ओढलं जाईल. म्हणून खालीही आरपारच. अस्तराच्या आतून रंगवलेल्या मलमलीची पट्टी ठेवली आणि टाके तिच्यातून घेतले. ताण सुट्या धाग्यांवर न येता तिच्यावर वाटला जाईल.

दोरा सुती, दुपदरी, हलकं मेण लावलेला, मूळच्यापेक्षा एक छटा फिकट. जवळून पाहणाऱ्याला नवं कुठलं ते कळायला हवं. टाका दोन सुयांचा, दोन्ही बाजूंनी. धावदोऱ्याच्या दोन फेऱ्या घातल्या तरी चालतं, पण दोन सुयांत ताण टाक्यागणिक आवरता येतो आणि इथे सगळा खेळ ताणाचा आहे. दोरा चामड्यावर टेकला पाहिजे, रुतता कामा नये.

१६ फेब्रुवारी

पॅच सपाट बसलाय. रात्रभर हलकं वजन ठेवलं होतं ते काढलं. चामड्याला तेल लावायचं का, हा प्रश्न पुन्हा आला. नाही लावायचं. तेलाने चामडं काळवंडतं, दोरा आणि अस्तर ते पितात, आणि रंगवलेल्या पॅचच्या मागून तेल आलं की रंग सुटतो.

१ मार्च

नव्या जॅकेटचं काम सुरू. इथे विचार वेगळा, कारण ते वापरात राहणार आहे.

स्क्वाड्रनची नवी चकती पातळ मेंढीच्या चामड्याची कापली, रंगवली, कडेला पाव इंच कोरी सोडली. नव्या जॅकेटचं चामडंही घोड्याचं आहे, ताठ. अस्तर घेऊन शिवायचं की सोडून? जुन्याप्रमाणेच हुबेहूब हवं तर घेऊन. पण आरपार शिवणीत अस्तर गोळा होतं आणि हात वर केला की काखेकडे ओढलं जातं. मी झिपच्या आतल्या पट्टीलगत अस्तर वीतभर उसवलं आणि फक्त चामड्याला शिवलं. युद्धातही ज्यांच्याजवळ वेळ आणि चांगला शिंपी होता त्यांनी असंच केलं, म्हणून ही पद्धतही तितकीच अस्सल. नातवाला दोन्ही समजावून सांगितलं आणि त्याने हीच निवडली.

मशीन सिंगर ३१-१५, सरळ टिपेचं जुनं शिंपी मशीन. टाचण्या लावायच्या नाहीत, त्यांचीही भोकं राहतात. रबर सोल्यूशनची बारीक रेघ कडेपासून आत, पॅच ठेवला, वाळू दिला. इंचाला आठ टाके. नव्या ताठ चामड्याला नऊ दाट वाटले. मोटार बंद ठेवून चाक हाताने फिरवत वर्तुळ पूर्ण केलं. वळणांवरचे बारीक कोपरे इथेही आले आणि ते जुन्या पॅचवरच्यासारखेच दिसतात. टीप सपाट करायला हातोडी मारली नाही.

नावाची पट्टी साधारण ४ इंचांची, साचा तापवून अक्षरं उठवलेली. तिच्यासाठी कोपऱ्यांवर सुई रुतवून वळायचं, इतकंच. पटकन झालं.

८ मार्च

काकांकडून जरीची नवी ढाल आली. पाठीला कागद, खळीचा वास. सलमा इतका ताजा आहे की उजेडात डोळे दिपतात. जुन्या ढालीशेजारी ठेवली तेव्हा सूर्याच्या किरणांची संख्या, ताऱ्याची टोकं, सगळं जुळलं.

खांद्यावर चढवायची आधी तयारी पाहिली. बूट दुरुस्तीचं सिंगर २९ के माझ्याकडे आहे. त्याचा हात निमुळता असतो, बाही त्याच्यावर चढते आणि दाबपट्टी चहूबाजूंना फिरते, त्यामुळे जॅकेट न वळवता गोल शिवता येतं. चामडी पॅचसाठी उत्तम यंत्र. फक्त त्याची दातेरी दाबपट्टी चामड्यावर ओळीने दातांचे ठसे सोडते, आणि जुन्या पॅचवर असे ठसे दिसले तर ते काम बूटवाल्याकडचं असावं असं मी धरते. जरीवर ती दाबपट्टी टेकवायचा प्रश्नच नव्हता. वाकडी सुई, अंगठ्याला चामडी टोपी, आणि जुन्या ढालीवरचे टाके समोर ठेवून तसेच आडवे, जरीच्या खालून. घोड्याच्या नव्या चामड्यातून वाकडी सुई बाहेर काढताना बोटं भरून येतात. ज्या कारागिराने ऐंशी वर्षांपूर्वी हे अस्तराला न लागू देता केलं त्याच्याविषयी आज मनापासून आदर वाटला.

नातू पाहायला आला होता. वेल्क्रो का नाही, म्हणाला. प्रश्न रास्त आहे. अमेरिकन हवाई दलाने १९८८ मध्ये ए-टू पुन्हा वापरात आणलं, बकऱ्याच्या चामड्याचं, आणि त्यावर पॅच वेल्क्रोने लागतात. नोकरीतल्या माणसाची बदली होते, पॅच बदलावा लागतो, चामडं मात्र अखंड राहतं. त्या कामाला वेल्क्रोच योग्य. पण या जॅकेटवरचे पॅच बदलायचे नाहीत. आणि वेल्क्रोची पट्टी तरी चामड्याला शिवावीच लागते, म्हणजे भोकं चुकत नाहीत. त्याला पटलं.

१५ मार्च

दोन्ही जॅकेटं परत दिली. सोबत जुन्याचा भोकांचा नकाशा : कुठली मूळची, कुठली नंतरच्या दुरुस्तीची, नवा दोरा कुठून कुठवर. काढलेल्या पांढऱ्या दोऱ्याचं पाकीट, नव्या दोऱ्याचा नमुना, ब्लड चिटची मापं.

जुनं जॅकेट यापुढे घालायचं नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं. ठेवायचं ते रुंद, गादी लावलेल्या हँगरवर किंवा सपाट पेटीत, बाह्यांत आम्लविरहित कागद भरून, पॅचवर घडी येणार नाही असं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, खिडकीपासून दूर. तळघरात नाही. ढालीमागचा कागद वर्षातून एकदा उजेडात पाहायचा, कसर लागली का ते.

नावाच्या पट्टीचा उजवा कोपरा किंचित उचललेला आहे. दोरा अजून धरून आहे, म्हणून त्याला हात लावलेला नाही. पुढच्या जानेवारीत तो कोपरा पुन्हा मोजायचा असं ठरलंय.